नावं घेण्याचा रविवार

आमच्या चर्चमध्ये वर्षातला एक रविवार वेगळा असतो. सुगी आटोपल्यावर, पाळकसाहेब ठरवतील त्या रविवारी, प्रत्येक घराण्यातलं एक माणूस फाटकापासून पायरीपर्यंत डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालतं. अंतर साठ-सत्तर पावलांचं. मोळीत बाभळीची चार-पाच लाकडं, सुंभानं बांधलेली. पायरीशी ती खाली टाकायची आणि मोकळ्या हातानं आत जायचं. उपासना संपली की त्याच लाकडांवर मागच्या अंगणात सगळ्यांचं जेवण शिजतं.

हे कशासाठी, ते बाहेरच्याला सांगावं लागतं. कोल्हापूर संस्थानातल्या खेड्यांत महारांवर गावकीची वेठ होती. पाटलाच्या घरी लाकडं फोडून टाकणं, सरकारी माणसाचं सामान पुढच्या गावापर्यंत वाहणं, मेलेलं जनावर ओढणं, मयताची खबर घेऊन परगावी धावणं. मजुरी नव्हती आणि नाही म्हणायची सोय नव्हती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी संस्थानाच्या हुकमानं ती बंद झाली. आमच्या मंडळीतली, म्हणजे या चर्चच्या सभासदांतली, बहुतेक घराणी त्याच महारवाड्यांतून आलेली आहेत. हुकूम चावडीवर वाचून झाल्यानंतरही काही गावांनी माणसांना सोडलं नाही. तेव्हा कुणीतरी पाटलाकडं न्यायची मोळी तशीच उचलून शहरात मिशनच्या आवारात आणली आणि चर्चच्या पायरीवर टाकली, असं सांगतात. याचा लेखी पुरावा मला मिळालेला नाही. मोळी मात्र दर वर्षी पडते.

आत गुलामीतून सुटलेल्या लोकांचा शास्त्रपाठ होतो आणि मग नावं घेतात. घराण्यातलं सर्वांत वडीलधारं माणूस उभं राहतं. आधी गाव सांगतं, मग वाट्याला आलेली वेठ, मग घरातल्या एकूण एक माणसाचं नाव. पूर्ण, आडनावासकट, आणि ते माणूस आज काय काम करतं तेही. वेठीला बोलावताना कुणी नाव घेत नसे. ‘ए महारा’ एवढी हाक पुरत असे. म्हणून नावं. शेवटी सांगणारा म्हणतो, “आता न्हाय.” सगळी मंडळी त्याच्यामागून म्हणते, “आता न्हाय.” तीन पिढ्या शहरात काढलेली, एरवी पुस्तकी बोलणारी माणसंही त्या जागी ‘नाही’ म्हणत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतलं. नावं घेणारी माणसं म्हातारी झाली होती. एक आजोबा आदल्या वर्षी उभे राहिले आणि आपल्या मधल्या मुलाचं नाव विसरले. मुलगा शेजारीच बसला होता. पाळकसाहेबांचं म्हणणं असं की सगळ्या घराण्यांची यादी छापून ठेवावी, म्हणजे पुढच्यांना वाचून तरी दाखवता येईल. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. हे काम माझ्याकडं येणं साहजिक होतं.

डेस्कवर काम केलेल्या माणसाला एक सवय असते. बातमीत कुणी आलं की त्याचं पूर्ण नाव, हुद्दा, राहणार कुठं, तालुका कोणता. यातलं एक जरी राहिलं तरी बातमी परत पाठवायची. मी अठ्ठावीस घराण्यांची यादी त्याच सवयीनं केली. प्रत्येक नावाची दोन माणसांकडून खात्री करून घेतली. लोक ‘शिक्षिका’ म्हणाले तर कोणत्या शाळेत, हे विचारलं. ‘सरकारी नोकरी’ म्हणाले तर खातं विचारलं. काही जण फोनवर जरा थांबले आणि मग सांगितलं. ते थांबणं मी नेटवर्कचं समजले.

पुस्तिका बत्तीस पानांची झाली. मुखपृष्ठावर चर्चचा फोटो आणि खाली मंडळीचं नाव. मुद्रितशोधन मीच केलं. दोनशे प्रती आल्या आणि नावं घेण्याच्या रविवारच्या आधीच्या रविवारी वाटायला सुरुवात झाली.

मंगळवारी दुपारी माझ्या आतेबहिणीचा फोन आला. ती गारगोटीच्या पुढं एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बावीस वर्षं झाली. मधल्या सुट्टीची वेळ होती, मागून भांड्यांचा आवाज येत होता.

“ताई, तू शाळेचं नाव छापलंयस.”

“हो. का, चुकलंय का?”

ती चालत बाजूला गेली असावी, भांड्यांचा आवाज कमी झाला.

“चुकलं असतं तर बरं झालं असतं,” ती म्हणाली.

पान तिला तिच्या भावजयीनं पाठवलं होतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, फोटो काढून, खाली ‘आपलं घराणं’ असं लिहून आणि हात जोडल्याचं चित्र टाकून. त्यात बहिणीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, ‘प्राथमिक शिक्षिका’, शाळेचं गाव आणि तालुका. वर मंडळीचं नाव. अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही, हा कायदा आहे. आमच्याकडं प्रत्येक घरानं त्याचा आपापला निकाल लावलेला आहे. माझ्या वडिलांनी माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ लिहायला लावलं. माझ्या आत्याचे यजमान शाळेत गेले तेव्हा हेडमास्तरांनी त्यांच्या नावापुढं ‘हिंदू महार’ लिहिलं आणि ते कुणी बदललं नाही. तोच शब्द पुढं मुलीच्या दाखल्यावर उतरला. त्या दाखल्यावर तिला शिक्षणाची सवलत मिळाली आणि राखीव जागेवर नोकरी लागली. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतही तिचं नाव आहे. दोन्ही कागद खरे आहेत. ते एका टेबलावर आलेले नाहीत, एवढंच.

हे मला माहीत होतं. मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. आत्या दर वर्षी चर्चमध्ये लेकीचं नाव शाळेसकट घेते आणि ते चार भिंतींत राहतं. उच्चारलेलं आणि छापलेलं यात काय फरक असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या वर्षी जातीच्या दाखल्यांच्या फेरतपासणीच्या बातम्या वरचेवर येत होत्या. कागदावर एक धर्म आणि वागण्यात दुसरा असेल, तर दाखला जाईल आणि त्याबरोबर नोकरी. त्यातल्या तीन बातम्या मीच पानात लावल्या होत्या. एकीचा मथळाही माझा होता. तरीही यादी करताना दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणं मला सुचलं नाही.

“कुणाला दिसलं असंल?” बहिणीनं विचारलं.

“मंडळीतच वाटल्यात प्रती.”

“ग्रुपवर एकवीस माणसं हायती. त्यातला एक मामेसासरा, त्याचा जावई माझ्याच तालुक्यात केंद्रप्रमुख हाय.” मग ती म्हणाली, “घंटा झाली. ठेवते.”

बहिणीच्या नवऱ्याचं फाउंड्रीतलं काम बंद पडलेलं आहे. दोन मुली शिकतायत. ती रोज पावणेसातच्या गाडीनं जाते. गारगोटीच्या स्टँडवर उतरायच्या आधी पर्समधल्या छोट्या आरशात बघून टिकली लावते आणि येताना काढते. शाळेत सरस्वतीच्या फोटोला हार घालायचं काम तिच्याकडं आहे, कारण तिचं काम नीटनेटकं असतं. यातलं काही ती मला तक्रार म्हणून कधी बोललेली नाही. बसमध्ये टिकली लावताना मी एकदा शेजारी होते, तेव्हा म्हणाली होती, “चष्मा लावतात की लोक. तसंच हे.”

त्या संध्याकाळी मी पाळकसाहेबांना भेटले. ते सगळं ऐकून घेत गेले आणि मधेच उठून त्यांनी खोलीची खिडकी लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप फिरवला की छपाईत काही दुरुस्ती आहे, सर्वांनी प्रती परत द्याव्यात. छपाईत एकही चूक नव्हती.

पुढचे तीन दिवस मी डेस्कवर जायच्या आधी घरोघर फिरून प्रती गोळा केल्या. एकशे चाळीस वाटल्या गेल्या होत्या. कुणी का म्हणून विचारलं नाही. बहुतेक घरांत पुस्तिका दारामागच्या खिळ्याला, पिशवीत घालून, तयार अडकवलेली होती. एका घरी मिळालेल्या प्रतीतलं एक पान कात्रीनं सरळ कापलेलं होतं. घरातली बाई म्हणाली, “नातवानं कापलं वाटतं.” नातू पुण्यात असतो, हे मला यादीमुळं माहीत होतं.

शनिवारपर्यंत पाच प्रती सोडून सगळ्या परत आल्या. त्या पाच कुणाकडं आहेत, याचा पत्ता लागला नाही.

शनिवारी दुपारी मी आत्याकडं गेले. ती जुन्या मिशन वसाहतीच्या मागच्या गल्लीत एकटी राहते. वय त्र्याऐंशी. बहीणही शाळेतून थेट आली होती. दोघींचं आधीच काहीतरी वाजलं होतं, कारण आत्या लसूण सोलत होती आणि पाकळ्या ताटात आपटत होती.

“बघ गं, ही काय म्हणतीया,” आत्या मला म्हणाली. “उद्या हिचं नाव घेऊ नको म्हणं.”

“एक वर्ष नको म्हणतीया मी,” बहीण म्हणाली. “पुस्तक बाहेर हाय. कुणीतरी ते घेऊन उद्या येऊन बसलं आणि मोबाईल धरला, तर तू स्वतःच्या तोंडानं साक्ष दिल्यागत हुईल.”

“खोटं सांगतीया व्हय मी?”

“खरं सांगतीयास, तेच की.”

आत्या लसूण बाजूला ठेवून लेकीकडं वळली. “माझ्या सासूला उभ्या गावानं महारीण म्हणून हाक मारली. ती मेली, तर पाळकानं नाव इचारलं. पोरांस्नी सांगता यीना. आई एवढंच म्हाईत. शेवटी शेजारणीनं सांगितलं. तिथनं पुढं आमच्या घरात नाव गिळायचं न्हाय, असं तुझ्या बाबांनी ठरवलं. आणि मी माझ्या लेकीचं नाव गिळू?”

“गिळलंस तर नोकरी ऱ्हाईल.”

“आणि घेतलं तर?”

“तर घरात बसीन. मग घे की माझं नाव रोज. सकाळ-संध्याकाळ घे.”

बहिणीनं उठून लसणाचं ताट आपल्याकडं ओढलं आणि राहिलेल्या पाकळ्या सोलू लागली. मी दोघींची माफी मागायला आले होते. बोलायला सुरुवात केली, तेव्हा आत्या म्हणाली, “तू गप. तू चांगलं केलंस. चांगलं केलेलंच अंगावर येतं.” उद्या काय करणार, ते तिनं सांगितलं नाही.

रविवारी मी लवकर गेले. फाटकाशी लाकडं रचून ठेवली होती. एकेक माणूस मोळी उचलत होतं, पायरीपर्यंत जात होतं, टाकत होतं. आत्याची मोळी दर वर्षी तिचा थोरला मुलगा घेतो. तो गॅरेज चालवतो, त्याला कुणाचं भय नाही. तो हसत गेला. त्याच्यामागं चालणारा जिल्हा कार्यालयातला एक कारकून मोळी अशी धरून होता की लाकडांची सावली चेहऱ्यावर यावी. आदल्या वर्षी तो कसा चालला होता, ते मला आठवेना. त्या दिवशी मी प्रत्येकाकडं तसंच बघत होते.

बहीण आली. मला वाटलं होतं, ती येणार नाही. एरवी ती आईजवळ, तिसऱ्या बाकावर बसते. आज बाजूच्या दारानं शिरली आणि खांबाआड, भिंतीला टेकून बसली. पदर डोक्यावर होता. आमच्यात प्रार्थनेला बायका पदर घेतातच, पण तिचा कपाळाच्या बराच पुढं आला होता.

शेवटच्या बाकावर एक अनोळखी माणूस बसला होता.

वय पन्नासच्या आसपास. पांढरा शर्ट, मांडीवर हेल्मेट, हेल्मेटवर मोबाईल उभा धरलेला. दाराशी स्वागताला उभ्या असलेल्या आजोबांनी त्याला विचारलं होतं, “पावणं, कुठलं?” तो म्हणाला होता, “पेठ वडगावचा. आलोय असंच.” एवढीच माहिती होती आणि ती शास्त्रपाठ संपायच्या आत सगळ्या चर्चमध्ये पोचली होती. कुणी मान वळवली नाही. पण बाकावरच्या बायका एकमेकींच्या जवळ सरकल्या होत्या. काही ठिकाणी प्रार्थनेत अशीच माणसं येऊन चित्रीकरण करून गेल्याचं ऐकून होतो. त्याला बाहेर काढावं, तर कोणत्या कारणानं? आणि विचारावं, तर आपल्याला भीती कशाची आहे ते त्याला कळतं. पाळकसाहेबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, पाण्याचा घोट घेतला आणि नावं घ्यायला सांगितलं.

क्रम गावांच्या नावांनुसार लागतो. आत्याचा नंबर चौथा. पहिली तीन घराणी नेहमीसारखी झाली, फक्त घाईनं. तिसऱ्या घराण्याच्या आजींनी चौदा नावं एका दमात म्हटली. मागच्या माणसानं मोबाईल खाली केला नाही.

आत्या उठली. बाकाची कड धरून सरळ झाली. सासरचं गाव सांगितलं. वेठ सांगितली, तिच्या घराण्याकडं मयताची खबर पोचवायचं काम होतं. मग नावं सुरू केली. थोरला मुलगा, पूर्ण नाव, गॅरेज. त्याची बायको, पूर्ण नाव. नातवंडं. धाकटा मुलगा, सून. आवाज चढा होता. ती कधीच हळू बोललेली नाही. मी खांबाकडं बघायचं टाळत होते आणि मला तिथला पदराचा काठ दिसत होता.

मग आत्या थांबली.

विसरली असेल, असं वाटण्याइतका वेळ गेला. थोरल्या मुलानं खालून नाव सुचवायला तोंड उघडलं. आत्यानं हात आडवा करून त्याला गप्प बसवलं.

“एक लेक,” ती म्हणाली. “शिकलेली हाय.”

आणि लगेच, “आता न्हाय.”

मंडळीचं उत्तर उशिरा आलं आणि एका आवाजात आलं नाही. लोक नावाची वाट बघत होते.

पाचव्या घराण्याचे आजोबा उठले. हे माजी मुख्याध्यापक, स्पष्ट बोलणारे. त्यांनी मुलांची नावं घेतली आणि मग म्हणाले, “एक पुतण्या.” गाव नाही, खातं नाही. सहाव्या घराण्यात दोन सुना बिननावाच्या झाल्या. सातवं नेहमीसारखं गेलं. आठव्या घराण्याच्या बाईंनी तीन नावं घेतली आणि “बाकीची बी हायती,” म्हणून बसल्या. माझ्या शेजारची म्हातारी कुजबुजली, “आज काय ही शिरगणती म्हणायची. डोकी मोजा आणि नावं ऱ्हाऊ द्या.” तिच्या पलीकडची बाई हसली आणि लगेच गप्प झाली.

अठ्ठावीस घराण्यांपैकी अकरांत असं झालं. मी बोटांवर मोजलं. कुणी आपसांत ठरवलेलं नव्हतं. आत्यानं वाट दाखवली आणि ज्यांना हवी होती ते त्या वाटेनं गेले. फोनवर थांबलेली माणसं याच घरांतली होती. ही यादी मी तीन महिने जुळवत होते, प्रत्येक नाव दोनदा तपासत होते आणि त्या नावांतलं कोण झोपेतून दचकून उठतं, हे मला ती नावं गाळली गेल्यावर कळलं.

उपासना संपल्यावर लोक अंगणात आले. चुली पेटल्या होत्या, रश्श्याचा वास सुटला होता, पण पंगत बसायला कुणी पुढं होईना. अनोळखी माणूस अजून गेला नव्हता. तो नळाजवळ उभा राहून एकेकाला काही विचारत होता, आणि विचारलेल्या माणसानं माझ्याकडं बोट दाखवलं. तो माझ्याकडं येऊ लागला. बहीण बाजूच्या दारात होती. तिनं ते पाहिलं आणि परत आत गेली.

“ती यादी तुम्हीच केलाय न्हवं?” त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.

त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि शर्टच्या आतून, बनियनमध्ये खोचलेली पुस्तिका काढली. घामानं ओली झाली होती. अकराव्या पानावर एका नावाभोवती पेननं गोल केला होता.

“हे मी,” तो म्हणाला. “माझ्या चुलत्यानं दिलं मला हे. लई अभिमानानं दिलं. म्हणाला, तुझं बी नाव आलंय.”

पाचव्या घराण्याचा तो पुतण्या होता. लग्नानंतर पेठ वडगावला गेला आणि या चर्चमध्ये तीस वर्षं आलेला नव्हता, म्हणून कुणी ओळखलं नाही. सरकारी खात्यात होता, निवृत्तीला सहा वर्षं राहिली होती. चुलते आज आपलं नाव मोठ्यानं घेतील का, ते ऐकायला तो आला होता. मोबाईलवर त्यानं फक्त आवाज टिपला होता. घरी बायकोला ऐकवायचा होता. चुलत्यांनी ‘एक पुतण्या’ म्हटलं ते मुद्दाम म्हटलं, की त्याला मागं बसलेला बघून म्हटलं, हे त्याला कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती.

“हे घ्या,” त्यानं पुस्तिका माझ्या हातात दिली. “चुलीत घाला की. आणखी कुणाकडं ऱ्हायलंय का?”

“चार प्रती सापडत नाहीत.”

“चार,” तो म्हणाला. “म्हणजे माझी जाळून बी तसंच ऱ्हायलं म्हणायचं.” त्यानं हेल्मेट घातलं, काच खाली ओढली आणि चुलत्यांना न भेटता, न जेवता गेला. तो गेल्यावर मी लोकांना सांगितलं की माणूस आपलाच आहे. सगळ्यांनी मान हलवली. पण एकदा मनात भरलेलं भय माणूस आपला निघाला म्हणून कमी होत नाही. उलट, काहींनी मला हळूच विचारलं, “आपला असला म्हणून काय झालं? रेकॉर्डिंग कुठं जाणार?”

पुस्तिका मी चुलीत घातली. जेवण लवकर उरकलं.

त्या चार प्रती अजून सापडलेल्या नाहीत. फेरतपासणीचं पत्र बहिणीला आलेलं नाही. पत्र येत नाही याचा अर्थ तक्रार झालेली नाही, असा होत नाही. तक्रार आणि पत्र यांच्यात किती दिवस जातात, हे मी दोन ठिकाणी विचारून पाहिलं. नक्की कुणी सांगितलं नाही. शाळेत शिपाई टपाल घेऊन आला की बहीण खडू खाली ठेवते, असं तिनं एकदा सांगितलं.

त्या रविवारी जेवणानंतर मी त्या दोघींबरोबर आत्याच्या घरापर्यंत चालत गेले. बहिणीनं आईच्या कोपराला धरलं होतं. वसाहतीच्या वळणावर आत्या म्हणाली, “एक लेक म्हटलं. लागलं का तुला?”

“न्हाय.”

चार पावलं गेल्यावर बहीण म्हणाली, “जरा लागलं.”

“मला बी,” आत्या म्हणाली. “गळ्यात आलतं. काटा अडकल्यागत झालं.”

घरात शिरल्यावर आत्यानं दार लावून घेतलं. भर दुपारी तिचं दार कधी लागत नाही, गल्लीतली माणसं येता-जाता डोकावतात. तिनं कडी घातली आणि मागच्या खोलीत गेली. आम्ही दोघी तिच्यामागं गेलो. बहिणीनं चहाचं आधण ठेवलं. आत्या ओट्याला हात टेकून लेकीकडं तोंड करून उभी राहिली आणि चर्चमध्ये राहिलेलं म्हणू लागली. लेकीचं नाव. बापाचं नाव. आडनाव. शाळामास्तरीण. बावीस वर्षं. तिचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. बहीण हातातली साखरेची बरणी तशीच धरून ऐकत होती.

शाळेचं गाव आत्याच्या ओठांवर आलं, तेव्हा गल्लीत मोटारसायकल येऊन थांबली. इंजिन बंद झालं नाही. आत्या तिथंच थांबली. बहिणीनं हात लांब करून गॅस बंद केला. आधणाचा आवाज बसत गेला. खिडकी माझ्या अगदी जवळ होती, पण पडदा सरकवायला माझा हात उठला नाही.

गाडी निघून गेली. कुणाची होती, ते समजलं नाही.

आत्यानं पुढचं म्हटलं नाही. कडीही काढली नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, “पेटव की गॅस. बसा. उभ्या का ऱ्हायलाय?”